मुद्दाम फाडलेला कोपरा

"कोपरा फाडा, आई. कात्रीने नको, हाताने. सरळ रेघ येता कामा नये."

मित्रांनो, माझं नशीब ठरवणारं वाक्य हे. इतरांच्या जन्माच्या वेळी लोक पेढे वाटतात, दृष्ट काढतात. माझ्या वेळी फाडाफाडीची आज्ञा झाली.

मी एक जुना टॅग आहे. आता खरोखरच जुना झालो आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे. मी जन्मलो तोच जुना. एका सकाळी करकरीत पुठ्ठा होतो आणि दोन-तीन दिवसांत मला शंभर वर्षांचा करून टाकलं. तेसुद्धा रागाने नाही, प्रेमाने. त्यामुळे कोणावर रागवायची सोय नाही. सध्या मी वासंतीबाईंच्या पोथीत खुणेला असतो. त्या रोज अंघोळ करून एक अध्याय वाचतात आणि मला दोन पानांत घालून पोथी बंद करतात. माझ्या अंगावरची फुलं त्यामुळे पापडासारखी चेपली आहेत. पण पोथीत राहायला मिळतं, हेही थोडं नाही. असो.

टॅग म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. साडीच्या दुकानात किमतीची चिठ्ठी दोऱ्याला लोंबते ना, तिचा मी थोरला भाऊ. तळहातापेक्षा थोडा मोठा. वर भोक आणि त्यात रिबीन. मात्र माझ्यावर किंमत लिहिलेली नाही. कोणी विचारलीही नाही.

मला घडवलं अपेक्षाने. ही वासंतीबाईंची सून. तिचा नवरा सलिल संगणकाच्या नोकरीत. त्याच्याबरोबर ती अमेरिकेत राहिली. तिथे तिला नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून दिवसभर करायचं काय, तर शेजारणीकडून ती ही कागदाची कला शिकली. पुढे तिकडच्या कंपनीने माणसं कमी केली आणि दोघं पुण्याला, विश्रांतवाडीच्या घरी परत आली. दोन हजार दोन सालची ही गोष्ट. येताना सलिलने संगणक आणला आणि अपेक्षाने फुलं कापायचे छाप. तिचे सासरे अनंतराव सामानात छाप आहेत पण कागद नाही, हे पाहून म्हणाले होते की अमेरिकेत आता कागदही राहिला नाही वाटतं, तोही इकडूनच न्यावा लागत असेल.

माझा जन्म शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून झाला. आधी मला चहाच्या पाण्यात बुडवलं. साखर नसलेल्या, गार चहाच्या. मग मुठीत धरून चुरगळलं, उलगडलं, पुन्हा चुरगळलं. वाळल्यावर कडा पॉलिश पेपरने घासल्या. मग कडा जाळायच्या होत्या. अपेक्षा सहज देवघरातलं निरांजन उचलायला गेली, तेव्हा वासंतीबाई अगदी हळू म्हणाल्या की देवाच्या ज्योतीने जाळपोळ नको गं. मग मेणबत्ती आली. माझ्या अंगावर गोंदात रांगोळी कालवून थापली, म्हणजे जुन्या भिंतीचा पोपडा आल्यासारखं दिसावं. त्यावर जखमेला बांधतात त्या जाळीच्या पट्टीचा तुकडा चिकटवला. मित्रांनो, जखम नसताना पट्टी बांधलेला मी एकटाच असेन.

फुलं मात्र सुरेख झाली, हे मान्य करायला हवं. शिवाजीनगरहून आणलेला हातकागद, त्याच्या लहानमोठ्या चकत्या. प्रत्येक चकती ओलसर करायची, तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीने गोल गोल दाबायची. मग ती वाटीसारखी वळते. विणायच्या सुईवर पाकळ्यांची टोकं वळवायची. अशा चकत्या एकात एक बसवल्या की फूल. अपेक्षा फुलं करायची तेव्हा तिचं तीन महिन्यांचं बाळ शेजारी झोपलेलं असायचं. ती श्वाससुद्धा हळू घ्यायची. त्या वेळी मला ती फार आवडायची.

मग राहिला कोपरा. बाळ उठलं म्हणून अपेक्षाने मला सासूच्या हाती दिलं आणि ती आज्ञा केली. वासंतीबाईंना कागदाला चुकून पाय लागला तरी त्या वाकून नमस्कार करतात. त्यांना कागद फाडायला सांगायचं म्हणजे कठीणच. त्या म्हणाल्या, "अगं, पण कोपरा फाडलेला..." तेवढ्यात बाळ रडलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "पूर्वी ना, कोपरा..." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. वासंतीबाईंचा आवाज मुळातच समईच्या ज्योतीएवढा. शेवटी त्यांनी डोळे मिटले, "श्रीराम" म्हटलं आणि माझा खालचा कोपरा फाडला. जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

त्याआधी दोन दिवस माझे जे हाल झाले तेही ऐका. पहाटे पूजा आटोपून वासंतीबाई बाहेर आल्या, तर मी टेबलावर चुरगळलेला. त्यांना दया आली. त्यांनी मला दोन रुमालांत ठेवून कोमट इस्त्री फिरवली. अपेक्षा उठली आणि तिने मला परत चुरगळलं. दुपारी कामाच्या सुंदराबाईंनी मला केरात लोटलं. उंदराने कुरतडलंय, घरात ठेवू नका, असा सल्लाही दिला. केरातून निघालो, तर संध्याकाळी सलिलने कामावरून येऊन माझ्यावर कॉफीचा मग ठेवला. मी म्हटलं, आता तरी कोणी त्याला बोलेल. अपेक्षाने मग उचलला, खालचं तपकिरी वर्तुळ पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली की काय छान डाग आलाय. सांगा, अशा घरात माझ्यासारख्याने दाद मागायची कोणाकडे?

आता मला केलं कशासाठी, ते सांगतो.

रविवारी बाळाचं बारसं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. सलिल एकुलता एक, त्यामुळे बाळाला आत्या नाही. घरात आत्या म्हणायला एकच, सलिलची. अनंतरावांची थोरली बहीण इंदुबाई. सलिलचं नावही त्यांनीच ठेवलं होतं. त्या पुण्याबाहेर मांजरी गावात राहतात. त्यांचे यजमान उसाच्या संशोधनात होते, ते गेल्यापासून त्या एकट्याच. पण सलिलच्या लग्नापासून भाऊ-बहिणीत बोलणं नव्हतं. त्या लग्नाला इंदुबाई आल्या नाहीत, म्हणून अनंतरावांनी त्यांचं नाव टाकलं. का आल्या नाहीत, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नाव निघालं की ते पेपर उघडायचे. वाचलेला असला तरी.

वासंतीबाईंचा एकच ध्यास होता. बाळाच्या कानात नाव सांगायला वन्संच हव्यात. त्यांनी देवाला रोज तेवढंच मागितलं. मग सासू-सुनेने ठरवलं की अनंतरावांना न सांगता इंदुबाईंना बोलावणं धाडायचं. तेच मी.

अपेक्षाच्या मनात फार चांगलं होतं. बाळ अगदी आजोबांसारखं दिसतं. म्हणून तिने अनंतरावांच्या मुंजीतल्या जुन्या फोटोची झेरॉक्स काढून माझ्यावर चिकटवली. गोटा केलेला, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. त्या चेहऱ्याभोवती तिने केलेली सगळी फुलं गोलाकार लावली. माझ्या पाठीला एक खिसा आहे. त्या खिशात बारशाचं निमंत्रण लिहिलेली चिठ्ठी घातली. रिबीन ओढली की ती वर येते. बाहेर एक अक्षरही लिहिलं नाही. म्हणे उत्सुकता वाटायला हवी.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून एक रीत सांगून ठेवतो. पूर्वी कोणी वारलं की नातेवाइकांना पोस्टकार्डाने कळवत. त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. कोपरा फाटका दिसला की ते कार्ड घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि डोक्यावरून अंघोळ करायची. वासंतीबाई दोनदा हेच सांगू पाहत होत्या. आणि मी कसा होतो? कडा जळलेल्या, कोपरा फाटका, मधे फोटो आणि फोटोला फुलं.

कुरियरवाल्याने मला भर दुपारी मांजरीला इंदुबाईंच्या हातात दिलं. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाकीट उघडलं. आधी कोपरा दिसला. त्यांनी पाय उंबऱ्याच्या आत घेतला होता, तो परत बाहेर काढला. मग फोटो पाहिला. मग त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ तांदळाच्या ताटाकडे बघत राहिल्या.

मी मनातल्या मनात ओरडत होतो की बाई, रिबीन ओढा, माझ्या पाठीत चिठ्ठी आहे. पण फाटका कोपरा पाहिल्यावर रिबीन कोण ओढतं?

त्यांनी फोन केला, नाही असं नाही. फोन लागेना. पुन्हा केला, पुन्हा एंगेज. त्या काळी इंटरनेट फोनच्या वायरीतूनच यायचं आणि ते चालू असलं की फोन लागत नसे. अपेक्षा तिकडे नवीन फुलाचा नमुना बघत बसली होती. इंदुबाईंना वाटलं, घरात असं झाल्यावर फोन सारखा चालूच असणार. मागच्या वर्षी अनंतरावांच्या छातीत दुखलं होतं, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी फोन ठेवला. डोक्यावरून अंघोळ केली, साधं लुगडं नेसल्या आणि काही न खाता निघाल्या. मला त्यांनी फाडून टाकलं नाही. फोटो होता ना.

स्टेशनपर्यंत एक बस, तिथून विश्रांतवाडीची दुसरी. सगळा वेळ मी त्यांच्या मुठीत. त्यांच्या तळव्याचा घाम लागून माझं एक फूल मऊ पडलं. शेजारच्या बाईने विचारलं, काय हो, बरं वाटत नाही का? इंदुबाई म्हणाल्या, "भाऊ." तेवढंच. ती बाई खिडकी सोडून उठली आणि तिने त्यांना आत बसू दिलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच स्वतःचा त्रास विसरायला झालं.

इंदुबाई जिना चढून आल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग नाही, आत माणसांचा आवाज नाही. कुठूनतरी फोडणीचा वास येत होता. त्या गोंधळल्या. बेल वाजवली. दार उघडलं ते अनंतरावांनी. बनियनवर, हातात चहाचा कप.

इंदुबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग भिंतीला हात लावला.

"तू आहेस?"

"पेन्शन आणली तेव्हापर्यंत तरी होतो," अनंतराव म्हणाले. सवयीने बोलून गेले. मग बहीण आहे हे डोक्यात शिरलं आणि त्यांनी कप चपलांच्या कपाटावर ठेवला.

इंदुबाईंनी मला त्यांच्या हातात कोंबलं. अनंतरावांनी फोटो पाहिला, फुलं पाहिली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"कधी गेलो मी?"

"मला काय विचारतोस? तुझ्या घरून आलंय."

आतून वासंतीबाई आणि अपेक्षा धावत आल्या. वासंतीबाईंनी मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. अपेक्षा कळवळून सांगू लागली की आत्या, ते मुद्दाम तसं केलंय, ती डिझाइन आहे. इंदुबाई म्हणाल्या, "मेल्याच्या कार्डाची डिझाइन करतात का गं आता?"  अपेक्षा रडायच्या बेताला आली. वासंतीबाई म्हणाल्या की मी सांगणार होते, पण शिट्टी झाली. कसली शिट्टी, हे कोणालाच कळलं नाही.

शेवटी रिबीन ओढली ती अनंतरावांनी. चिठ्ठी वर आली. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून त्यांनी ती मोठ्याने वाचली. 'आत्या, बाळ बाबांसारखं दिसतं, म्हणून बाबांचा लहानपणीचा फोटो. रविवारी बारसं आहे. बाळाच्या कानात नाव तुम्हीच सांगायचं आहे.' शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज खाली गेला.

आतल्या खोलीत बाळ जागं झालं आणि हुंकार देऊ लागलं. दारातून पाळण्याचं टोक दिसत होतं. इंदुबाईंनी एकदा मान उंच केली आणि लगेच भिंतीकडे नजर वळवली.

"वन्सं, आत या ना," वासंतीबाई म्हणाल्या.

"नाही. मी सुतकाची अंघोळ करून निघालेय. ज्या कामाला निघाले, त्या पायांनी बाळाजवळ येणार नाही." त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या की मेल्याची खोटी बातमी उठली तर आयुष्य वाढतं म्हणतात, तेवढं तरी झालं.

गोष्ट इथे गोड झाली असती. पण अनंतरावांची जीभ. ते म्हणाले, "मेलो म्हटल्यावर दोन बस बदलून आलीस. लग्नाला एकही बदलली नाहीस."

इंदुबाई जिन्याकडे वळल्या होत्या, त्या थांबल्या. ओरडल्या नाहीत.

"लग्नाची पत्रिका पोस्टमन घेऊन आला होता, अनंता. पोस्टाने येतं ते मेल्याचं कार्ड. लग्नाचं बोलावणं भाऊ घेऊन येतो. अक्षत घेऊन."

मित्रांनो, मी इतक्या जवळ होतो की अनंतरावांच्या बोटांची पकड ढिली झालेली मला कळली. त्या वेळी त्यांनी सगळ्या पत्रिका एकदमच पोस्टाच्या पेटीत टाकल्या होत्या. बहिणीचीही त्यांतच. त्यांना वाटलं होतं, घरच्या माणसाला काय बोलवायचं. आणि तिला वाटलं होतं, घरचं माणूस म्हणून तरी भावाने बोलवायला यावं. एवढ्याशा गोष्टीवर इतकी वर्षं गेली आणि ती उलगडायला मला जाळावं, फाडावं, बुडवावं लागलं. चीड येणार नाही तर काय?

इंदुबाई जिना उतरू लागल्या. अपेक्षा चपला न घालताच रिक्षा बघायला पुढे धावली. अनंतराव कठड्यापाशी गेले. शेजारचे लोक दारं किलकिली करून बघत होते, आणि हे बनियनवर.

"ताई, उद्या सकाळी घरी आहेस?"

"मी कुठे जाणार?"

"मी येतो. अक्षत घेऊन."

त्यांनी वर पाहिलं नाही. "बोलायला काय लागतं," म्हणाल्या आणि वळण घेऊन दिसेनाशा झाल्या.

रात्री जेवताना सगळा दोष माझ्यावर आला. सुंदराबाईंचं ऐकून वेळीच फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं सलिल म्हणाला. वासंतीबाई गोंद आणि नवा कागद घेऊन आल्या, माझा कोपरा जोडायला. अनंतराव म्हणाले, राहू दे, फाटकंच बरं आहे.  उद्या जाणार का, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. त्यांनी याआधीही पुष्कळ ठिकाणी 'येतो' म्हटलेलं होतं.

तेव्हा मुलांनो, माझं एक ऐका. हातात आलेली वस्तू फाटकी दिसली म्हणून लगेच इस्त्री करू नका आणि लगेच केरातही टाकू नका. उलटून पाहा. रिबीन असली तर ओढून पाहा. कोणीतरी तिच्यावर जीव लावून बसलेलं असतं आणि सांगायचं ते बहुधा पाठीमागेच लिहिलेलं असतं. घरात कोणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर शिट्टी होऊ दे, पण तुम्ही त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि ज्याला मनापासून बोलवायचं आहे, त्याच्याकडे स्वतः जा. माझ्यासारख्यावर ते काम सोपवू नका. आम्ही कागद. आम्हाला कितीही सजवा, आम्ही पोचतो, बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपलांच्या कपाटावर पडलेलो होतो. अपेक्षा आणि बाळ झोपलेली होती. वासंतीबाई देवघरात होत्या. अनंतरावांची अंघोळ झाली होती. त्यांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ घेतले, त्यांना स्वतःच कुंकू लावलं. कुंकू जरा जास्तच पडलं. कागदाची पुडी बांधली, ती दोनदा सुटली. एक नारळ आणि पुडी कापडी पिशवीत ठेवली. कोणाला हाक मारली नाही.

चपला घालताना त्यांची नजर माझ्यावर गेली. मला वाटलं, आता मला खिशात घालतील. इतकं सगळं सोसून तेवढा मान तर माझा होताच. त्यांनी मला उचललं, फोटोतल्या मुलाकडे पाहिलं आणि परत कपाटावर ठेवलं.

"तू घरीच बस," ते म्हणाले.

देवघरात आरतीची वेळ झाली होती. वासंतीबाईंनी घंटा हातात घेतली होती, पण आतला लोलक बोटांनी धरून ठेवला होता. त्या वळून बघत नव्हत्या. अनंतरावांनी बाळ जागं होऊ नये म्हणून दार अलगद ओढून घेतलं आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरू लागले.